डाव्या वळणाचा हॉर्न

आमच्या शेवंताला पहिला मुलगा झाला, त्या उन्हाळ्यात निवडणूक लागली होती. पोरगी बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं, आणि दारात एक सरकारी साहेब आमची गाडी न्यायला उभा होता.

“रवळू होडगे आपणच का?”

“मीच,” आमचे हे म्हणाले. ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. उठले नाहीत. उठलं की धाप लागायची, आणि परक्या माणसासमोर धाप लागलेली त्यांना चालायची नाही.

“मतदानासाठी गाड्या ताब्यात घेतोय. ट्रक, जीप, सगळंच. ही चालू आहे ना?”

“चालू हाय. पण तिच्या खोडी आधी सांगतो, मग न्या.”

“गाडीला कसल्या खोडी?” असं म्हणत साहेब आत बसला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

“झालं,” हे म्हणाले.

“काय झालं?”

“आता तुम्ही आतनं उतरणार न्हाई.”

साहेबानं मूठ फिरवली, खांदा लावला, पाय लावला. दार हललं नाही. “आतून उघडतच नाही?”

“काच खाली करा, हात बाहेर काढा आणि बाहेरनं उघडा. काचेची मूठ फिरवू नका, ती नुसती फिरती. काच दोन्ही तळव्यांत धरून खाली दाबा.”

गाडी अँबॅसिडर. पांढरी म्हणायची, पण पांढरेपणा बॉनेटवर तेवढा उरला होता. आमच्याकडं येण्याआधी ती एका नदीकाठच्या बंगल्यात होती. तिथं एका पुरात सीटपर्यंत बुडाली आणि त्या पाण्यानं तिला या खोडी लावल्या, असं हे सांगायचे. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकीत खरंच किती आहे ते बघायला आम्ही एक वेताची काठी ठेवली होती. दिवे लावायचं बटण सांगितल्यावर ऐकायचं नाही, आणि पाय चुकून दुसऱ्याच बटणावर पडला की भर दुपारी लागायचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेला. त्यातला दुसरा गिअर सरळ पडायचा नाही. दांडा आधी आपल्याकडं ओढायचा, जरा थांबायचं, जणू तिचा विचार घ्यायचा, आणि मग ढकलायचा. घाई केली की असा करकरायचा की बैल बुजायचे.

आणि सगळ्यांत मोठी खोड हॉर्नची. गाडी डावीकडं जोरात वळली की हॉर्न आपोआप वाजायला लागायचा आणि थांबायचा नाही. डॅशबोर्डखाली डाव्या अंगाला मुठीचा ठोसा मारला की गप्प व्हायचा. चालवणाऱ्याचा हात तिथंवर पोचत नाही, म्हणून पुढच्या सीटवर जो बसेल त्यानं हे काम करायचं. लग्नाचं वऱ्हाड असो, आजारी माणूस असो, पुढं बसणाऱ्याला हे आधी ठोसा शिकवायचे. मी बरोबर असले की ते काम माझं.

साहेबाला हे सांगायचं राहून गेलं. तो गाडी घेऊन पाराला वळसा घालायला गेला. पाराशी वळण डावं. तिथनं तो परत आला तो हॉर्न वाजवतच. कुत्री मागं, पोरं मागं.

“ठोसा मारा! डाव्या अंगाला, खाली!” हे ओट्यावरून ओरडले आणि त्यांना खोकला आला. शेवटी मीच धावत गेले, डाव्या खिडकीतून हात घातला आणि मारला. गाव शांत झालं.

साहेबानं काच खाली दाबली, हात बाहेर काढून दार उघडलं आणि घाम पुसत उतरला. “हिच्यात मतपेट्या घालायच्या? मतदान राहील बाजूला.” आपल्या माणसाला म्हणाला, “ही बाद. पुढं चला.”

गावातल्या तिन्ही जीपा गेल्या, दूधवाल्याचा टेम्पो गेला. आमची गाडी तेवढी राहिली. मला मनातून बरंच वाटलं. यांना मात्र ते लागलं. रात्री जेवताना म्हणाले, “बाद म्हणाला. एवढ्या वर्षांत हिनं कुणाला वाटंत टाकलंय? हॉर्न वाजला की गावाला कळतंय, रवळू आला.”

ते खरं होतं. पाराशी हॉर्न वाजला की मी चुलीवर तवा टाकायची. हे दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

मला गाडी शिकवायचं त्यांच्या मनात आलं होतं ते आधीच्या दिवाळीनंतर, काळजाचं दुखणं निघाल्यावर. डॉक्टरनं गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. पायांना सूज असायची. ते दिवसभर ओट्यावर बसून गाडीकडं बघत राहायचे, जशी दावणीला बांधलेली म्हैस बघावी तशी.

“उभी राहिली की गाडी मरती,” एक दिवस म्हणाले. “रोज फिरवाय पायजे. तू फिरव.”

“मी? नऊवारीत?”

“गाडीला काय कळतंय तू काय नेसलीस ते. कासोटा हाय ते बरंच हाय. पाय मोकळे राहतात.”

गावाबाहेरच्या माळावर माझी शिकवणी सुरू झाली. शेजारचे मारुती सुतार रोज बांधावर येऊन उभे राहायचे. यांच्यापेक्षा वयानं लहान, पण तोंडानं मोठे. “वहिनी, गुरं बांधून घेऊ का?” म्हणून विचारायचे. “का नुसती माणसं बांधून भागंल?”

आता जागा बदलल्या होत्या. मी उजवीकडं, हे डावीकडं; आणि ठोसा मारायचं काम यांचं. मी डावीकडं वळायची, हॉर्न ओरडायचा, हे ठोसा मारायचे आणि त्याच दमात मला बोलायचे. “क्लच! पाय काढ क्लचवरनं, ती काय पायपुसणी हाय? अनशे, दुसरा! दुसरा मागती ती. ओढ, थांब, आता ढकल. थांब म्हटलं की थांबायचं असतंय, गं!”

एक दिवस मी माळाला पाच-सहा फेऱ्या घातल्या. गाडी एकदाही बंद पडली नाही. थांबले आणि म्हटलं, “एवढं केल्यावर एकदा तरी बरं म्हणा की.”

“उस्ताद बरं म्हणत नसतोय.”

“का? जीभ झिजती?”

ते हसले. मग त्यांनी त्यांच्या उस्तादाची गोष्ट सांगितली. बाबालाल म्हणून एक ट्रक चालवणारा होता, त्याच्या हाताखाली हे पोरवयात शिकले. “चूक झाली की शिवी. बरोबर असलं की गप्प. रोज शिव्या खायाचो. एकदा निपाणीपासनं निघालो ते खाली कोकणात उतरेपर्यंत बाबालाल एक शब्द बोलला न्हाई. डोळे मिटून बसला. मला वाटलं रागावला. खाली उतरल्यावर चहा पाजला. तवा कळलं, आपण डायवर झालो.”

“म्हणजे तुम्ही गप्प बसलात की मी समजायचं?”

“व्हय. मी गप्प, म्हंजे तू बरोबर.”

घरात तरी दुसरं काय होतं? लग्न झाल्यापासून त्यांनी कधी भाजी चांगली झाली म्हणून सांगितलं नाही. मीठ कमी असलं की बोलायचे. काही न बोलता ताट धुऊन प्यायले की मी समजायची. तीस वर्षं मी त्यांच्या गप्प बसण्यातून माझं कौतुक वेचत आले होते. पण गाडीत ते कधी गप्प बसले नाहीत. माळावर नाही, गावच्या रस्त्यावर नाही. कधी गिअर, कधी क्लच, कधी माझं तोंड. “दात आवळून गाडी चालत न्हाई,” म्हणायचे.

मतदानाच्या दिवशी पहाटे ते उठून बसले ते पुन्हा आडवे होईनात. झोपलं की श्वास कोंडायचा. मी दिवा जवळ नेला. ओठ निळसर झाले होते. डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं, असं झालं की वेळ घालवू नका, गडहिंग्लजला मोठ्या दवाखान्यात न्या; तिथं नळीचा वारा देतात, वेळेत पोचला तर माणूस उठून बसतो.

मी मारुती भावजींना हाक मारली. ते धावत आले, बघितलं, आणि त्यांचं तोंड पहिल्यांदा बंद झालं. “गाडी कुणाची आणू, वहिनी? गावात चाक राहिलेलं न्हाई. एसटीसुद्धा मतदानाला लावल्या.”

“आमची हाय की,” हे म्हणाले. बोलताना मधे मधे थांबत होते. “बाद केलेली.”

“आणि चालवणार कोण?”

यांनी माझ्याकडं बघितलं. मी शेवंताकडं बघितलं. ती बाळाला छातीशी धरून दारात उभी होती आणि नको नको म्हणून मान हलवत होती. मी घाट कधी चढले नव्हते. माळ आणि गावचा रस्ता, एवढीच माझी दुनिया.

“मी येतो संगं,” भावजी म्हणाले.

“नको. घाटात वजन नको. दुसरा गिअर आधीच रुसतोय.” मग जरा दम घेऊन, “पोरगी बाळंतीण हाय. तू घरी थांब, मारुती.”

आम्ही त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. पाठीशी उशी, डाव्या अंगाला दुसरी उशी, आणि वळणावर कलंडू नयेत म्हणून माझी एक जुनी शाल छातीवरून घेऊन मागच्या बाजूनं बांधली. शेवंता बाळाला घेऊन खिडकीशी आली. यांनी बाळाचा तळपाय दोन बोटांत धरला.

“बारशाला गाडी धुऊन ठेवा,” म्हणाले. मग माझ्याकडं वळून, “चोक ओढ. लागली की लगेच ढकल. चल.”

दिवस उगवायला आम्ही गाव सोडलं.

घाट सुरू झाला तसे हे बोलायला लागले. आवाज बारीक, पण थांबत नव्हता. “आतापास्नं दुसऱ्यात घाल. ओढ. थांब. हां. वळण दिसायच्या आधी हॉर्न दे, वाजायचाच हाय तो.” डावं वळण आलं की हॉर्न ओरडायचा, हे शालीतून हात काढून ठोसा मारायचे. ठोसा हलका पडायचा. एकदा हॉर्न थांबलाच नाही. त्यांनी दुसरा मारला, आणि मग बराच वेळ हात तसाच डॅशबोर्डला टेकवून बसले.

“राहू दे वाजत,” मी म्हटलं. “दमताय तुम्ही.”

“वाजत ठेवला की बॅटरी बसती. पुढं बघ. माझ्याकडं काय बघतीस? मी काय खड्डा हाय?”

माथा जवळ आला आणि गाडीनं दोन आचके दिले. मग बंद पडली. मी हातब्रेक ओढला, काच दाबून हात बाहेर काढला, दार उघडून उतरले आणि चाकाला दगड लावला. ऊन आत्ताच चटकत होतं. वर कुणी नाही, खाली कुणी नाही.

“घाबरू नको,” खिडकीतून त्यांचा आवाज आला. “पंप तापलाय. तापला की पेट्रोल वर चढत न्हाई. बॉनेट उघड. उजव्या अंगाला वाटीएवढा पंप हाय. डिकीत फडकी हायेत, कळशीतलं पाणी घे, भिजवून गुंडाळ.”

मी फडकं भिजवून गुंडाळलं. वाफ निघाली. दुसरं भिजवून यांच्या हातात दिलं, परत लागलं तर असावं म्हणून. त्यांनी ते कपाळाला लावलं.

“आता थांबायचं,” म्हणाले. “तिला निवू दे. हिच्याशी जबरदस्ती चालत न्हाई.”

मी रस्त्याच्या कडेला, त्यांच्या खिडकीशी उभी राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. खाली आमचं गाव दिसत होतं, पाराचा हिरवा ठिपका दिसत होता.

“लई बडबड केली व्हय मी?” त्यांनी विचारलं.

“घाटभर शिव्या घातल्या.”

“घाट हाय. खाली कुणी पडू नये म्हणून शिव्या असतात.” मग थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिले. “येताना मी मागं बसणार. साहेबासारखा. गाडी घेतल्यापास्नं मागं कधी बसलोच न्हाई.”

“बसा की. पाय पसरून बसा.”

“निजणार. तू चालव, मी निजणार.”

असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना हे डोळा मिटत नसत. मी म्हटलं, “आधी जायचं तर बघा.”

“लाव. लागंल आता.”

गाडी पहिल्या झटक्याला लागली. माथा ओलांडला आणि पुढं मोकळा, सपाट रस्ता आला. दोन्ही बाजूंना ऊस, मधे चिंचा. डावं वळण एकही नाही, सरळ गडहिंग्लजपर्यंत.

मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. रस्त्याच्या कडेचे दगड पांढरे-पिवळे दिसायचे, त्यावर काळं काही लिहिलेलं. लिहिलेलं वाचायचं काम यांचं. “दगड मी वाचतो, तू रस्ता वाच,” असं निघतानाच म्हणाले होते. प्रत्येक दगडाला ते किती उरलं ते सांगत होते. मला तेवढाच धीर. प्रत्येक दगडाला मी मनात म्हणायची, एवढंच उरलं, एवढंच.

“अठरा,” ते म्हणाले. मग टोपी पुढं ओढून डोळ्यांवर घेतली. ऊन त्यांच्या बाजूनं येत होतं.

पुढं ऊस भरलेली बैलगाडी आडवी आली. मी क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. ओढला, थांबले, ढकलला. करकर नाही. बैल बुजले नाहीत. गाडीच्या बाजूनं वाट काढून पुढं गेले आणि परत वरच्या गिअरमध्ये घातली. कानात आवाज यायची वाट बघत होते, ‘उशिरा टाकलास’ किंवा ‘पाय काढ क्लचवरनं’.

काही आलं नाही.

पुढच्या दगडाला मी म्हटलं, “किती उरलं?” उत्तर आलं नाही. मी आडव्या डोळ्यानं बघितलं. टोपी नाकापर्यंत, मान उशीवर, हात मांडीवर, हातात ओलं फडकं. मी परत रस्त्याकडं बघितलं. मला बाबालालची गोष्ट आठवली. निपाणीपासून कोकणापर्यंत, डोळे मिटून.

मी काही विचारलं नाही मग. विचारणं म्हणजे परीक्षेत मास्तरला उत्तर विचारण्यासारखं. दात आवळले होते ते सोडले. खांदे सैल केले. एका गावात बाजार होता. कोंबड्या, पोरं, सायकली, मतदानाची रांग, सगळ्यांतून मी गाडी काढली. एकदाही बंद पडली नाही. एकदाही ते बोलले नाहीत. ऊन चढलं होतं, यांचा जीव टांगणीला होता हे माझ्या डोक्यात होतंच, पण खोटं कशाला लिहू, त्या रस्त्यावर माझ्या आत काहीतरी फुलत होतं. तीस वर्षांत असं वाटलं नव्हतं.

गावाबाहेर एका हवालदारानं गाडी अडवली. मतदानाची तपासणी होती. तो माझ्या खिडकीशी आला, वाकला, आणि मला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“बाई? आणि चालवणारा कुठं हाय?”

“मीच चालवतीय. दवाखान्यात निघालोय. मालकांना धाप लागलीय.”

“लायसन?”

“लायसन शेजारी बसलंय की.”

त्यानं पलीकडं डोकावून बघितलं. टोपी, उशा, शाल. आणि हसला. “हे तर झोपलंय!”

“झोपले नाहीत. माझी परीक्षा घेतायत.”

“पास झालीस म्हणायची,” हवालदार म्हणाला. “नवरा एवढा निवांत झोपलाय म्हंजे बाई चालवणारी बरी असणार. जावा, जावा लवकर.” आणि त्यानं बाजूला होऊन काठीनं वाट दाखवली.

मी गाडी काढली. जरा पुढं गेल्यावर म्हटलं, “ऐकलंत न्हवं? सरकार पास म्हणतंय. तुम्ही न्हाई म्हटलं तरी चालंल.”

ते गप्पच. मी हसले.

गडहिंग्लज आलं. लोक वाट दाखवत गेले. दवाखान्याचं फाटक रस्त्याच्या डाव्या अंगाला होतं. मी वेग कमी केला, दुसरा टाकला आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडं फिरवलं.

हॉर्न वाजायला लागला.

मी फाटकातून आत गेले. हॉर्न वाजत होता. समोर पायऱ्या, पायऱ्यांवर माणसं, सगळी वळून बघायला लागली. एक नर्स कानावर हात ठेवून ओरडली, “बंद करा! दवाखाना आहे हा!”

“अहो,” मी म्हटलं, “मारा की.”

हॉर्न वाजतच होता.

“अहो, ठोसा मारा!”

वळणावर त्यांचं डोकं उशीवरून सुटून माझ्या खांद्यावर आलं होतं. टोपी माझ्या मांडीवर पडली. मी गाडी थांबवली. हात लांबवून त्यांच्या हाताला हात लावला. फडकं वाळून कडक झालं होतं.

मला दार उघडेना. आतून उघडत नाही हेच मी विसरले. मूठ फिरवत राहिले, खांदा लावत राहिले, त्या साहेबासारखी. शेवटी बाहेरून कुणीतरी उघडलं. कुणीतरी दुसऱ्या बाजूनं त्यांना बाहेर घेतलं. हॉर्न वाजत होता. वॉर्डबॉय बॉनेटवर हात मारत होता. मी वाकले आणि डॅशबोर्डखाली ठोसा मारला.

डॉक्टर तरुण होता. त्यानं फार वेळ लावला नाही. बाहेर येऊन मला बाकावर बसवलं आणि समोर गुडघ्यावर बसला.

“आजी, कधीपासून बोलत नव्हते?”

“ते गप्प होते,” मी म्हटलं. “मी बरोबर चालवत होते.”

त्याला ते समजलं नसावं. “म्हणजे किती वेळ झाला असेल? कुठं होता तुम्ही तेव्हा?”

“अठराच्या दगडाला बोलले. त्याच्या पुढचे मला वाचता येत नाहीत.”

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, “बराच वेळ झालाय. वाटेतच गेलेत. त्रास नसेल झाला.”

दवाखान्याची गाडीही मतदानाला गेली होती. ड्रायव्हर मिळेपर्यंत थांबा, संध्याकाळपर्यंत कुणीतरी येईल, असं म्हणाले. मी म्हटलं, ड्रायव्हर मी आहे. वॉर्डबॉय संगं यायला तयार झाला होता, त्यालाही नको म्हटलं. त्यांना मागच्या सीटवर निजवलं. पाय पुरेनात, म्हणून गुडघ्यात दुमडले. पांढरी चादर दवाखान्यानं दिली, त्यावर मी माझी शाल घातली.

येताना ते मागं होते.

परतीच्या रस्त्यानं मला कुणी काही सांगितलं नाही. घाट उतरताना जिथं डावं वळण आलं तिथं हॉर्न वाजला. प्रत्येक वेळी मी गाडी कडेला घेतली, वाकून ठोसा मारला आणि पुढं निघाले. ऊन कलायला लागलं होतं. खाली पाराचा हिरवा ठिपका दिसला, मग पार दिसला, मग पारावरची माणसं.

मी डावीकडं वळले. हॉर्न वाजला. मी हात नेला नाही. वाजू दिला.

माणसं उठून उभी राहिली. मारुती भावजी अंगणातून रस्त्यावर आले, हसत आले, दोन्ही हात वर करून. त्यांना वाटलं रवळू आला. शेवंता बाळाला घेऊन दारात आली. मी घरापुढं गाडी थांबवली तरी हॉर्न वाजत होता. भावजींनी पुढच्या सीटवर बघितलं, मग मागच्या. मग त्यांनीच खिडकीतून हात घातला आणि ठोसा मारला. एकच, जोरात.

बारसं सुतकानंतर झालं. गाडी मी स्वतः धुतली.

अक्षरं मी त्यानंतर शिकले, बायकांच्या वर्गात, कंदील मधे ठेवून. लायसन काढायला शिकतेय असं सगळ्यांना सांगितलं, आणि लायसन काढलंही. पण पहिल्यांदा वाचता आलं तेव्हा मी एकटीच घाट चढून त्या रस्त्यानं गेले. अठराचा दगड चिंचेखाली आहे. मी गाडी हळू घेतली आणि त्याच्या पुढचा प्रत्येक दगड मोठ्यानं वाचत दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले.

माझे पती रवळू गोपाळ होडगे त्या निवडणुकीच्या वर्षी, वैशाखात, मतदानाच्या दिवशी सकाळी वारले. अठराच्या दगडाच्या पुढं आणि दवाखान्याच्या फाटकाच्या अलीकडं. नेमकं कुठल्या दगडाला, ते मला माहीत नाही.